थंडा, लेमन, बंटा आणि कोल्हापूरची गाडी

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोच्या भिंतीला टेकून माझी सोड्याची टपरी होती. अडतीस वर्षं होती, आणि अडतीस वर्षांत तिच्यावर एकदाही बोर्ड लागला नाही. लोक विचारायचे, "काका, काय काय मिळतं ते लिहून का नाही ठेवत?" मी सांगायचो, बोर्ड लावला की माणूस नुसतं बोट दाखवतो. मला गिऱ्हाइकाने तोंड उघडायला पाहिजे.

माझी बायको यमुना हे ऐकलं की म्हणायची, "बोर्ड लावतील कुठून? लिवाया येतंय कोनाला?"

ती म्हणते ते अर्धं खरं आहे. मी चौथीतून शाळा सोडली, म्हणजे मास्तरने आणि मी एकमेकांना सोडलं. पण हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलंय. चौदा दिवस लागले. कुणाला शुद्धलेखन खटकलं तर त्याने आधी एक बाटली सोडा भरून दाखवावा, मग बोलावं.

आता गोटी सोडा म्हणजे काय ते सांगतो, कारण हल्लीच्या पोरांनी तो फक्त मॉलमध्ये बघितलाय, प्लास्टिकच्या बाटलीत. आमची बाटली जाड काचेची. मानेजवळ दाबल्यासारखी, आणि आत एक काचेची गोटी. आधी बाटलीत पाणी आणि रंगाचा पाक घालायचा. मग मशीनच्या लोखंडी पिंजऱ्यात ती अडकवायची, गॅस सोडायचा आणि पिंजरा फिरवून बाटली उलटी करायची. गोटी घरंगळून मानेत येते आणि आतला गॅस तिला तोंडाच्या रबराला दाबून धरतो. बूच नको, झाकण नको. कधी भरताना बाटली फुटायची. माझ्या डाव्या भुवईवर जी रेघ आहे ती मारामारीची नाही, ऑरेंजची आहे.

उघडताना लाकडी ठोकणी गोटीवर ठेवायची आणि तळहाताने एकच दणका द्यायचा. टॉक्! प्यायचीही रीत आहे. मानेला एका अंगाला खाच असते. ती खाली धरून बाटली तिरकी केली की गोटी खाचेत बसते आणि सोडा मोकळा येतो. उलट धरली की गोटी तोंडाशी येते नि माणूस तान्ह्या पोरासारखा बाटली चोखत बसतो. मोठेमोठे सूटबूटवाले मी चोखताना बघितलेत.

माझं घर कोलशेतला, खाडीवर. बापाची होडी होती. मी होडीवर गेलो नाही, खाऱ्या पाण्यातून गोड पाण्याच्या धंद्यात आलो, म्हणून बाप दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मशीन घराच्या मागच्या पडवीत होतं. सकाळी मी भरायचो, आणि त्याच्या आधी यमुना बाटल्या धुवायची. लांब ब्रश घालून, एकेक. धंद्याचं नाव माझं होतं, एवढंच सांगतो.

आता तोंड उघडण्याची गोष्ट. खोपटला गाड्या सगळ्या मुलखातून येतात. माणूस उतरतो, घसा सुकलेला असतो, आणि सुकलेल्या घशातून माणसाचा खरा शब्द बाहेर येतो. आमच्या कोलशेतात बाटली काळी असो, पिवळी असो, गोटीची असो, तिला 'थंडा' म्हणतात. मांडवात आलेल्या पाहुण्याला थंडा विचारला नाही तर तो नातवंडांना सांगून मरतो. यूपीवाला ड्रायव्हरही तेच म्हणतो, पण 'ठंडा'. आमचा थंडा मऊ, त्याचा ठंडा टणक. गुजराती शेठ 'ठंडु'. दिल्लीचा पोरगा आला की 'बंटा'. मद्रासकडचा माणूस म्हणायचा, "एक कलर दो." मी म्हणायचो, "कौन सा कलर?" तो म्हणायचा, "कोई भी कलर." नागपूरवाल्याचं 'कोल्ड्रिंग'. पारशी म्हातारा एकच यायचा, त्याला 'रासबेरी'. कोल्हापूर-सांगलीचं माणूस 'लेमन' मागायचं, आणि त्यांच्याकडे नारंगीही लेमनच. आणि जो 'सॉफ्ट ड्रिंक' म्हणेल त्याच्या घरी दुसरं पण असतं हे मी अनुभवाने सांगतो. ज्याने हार्ड चाखलं नाही, त्याला सॉफ्ट म्हणायची गरज काय?

राहिले डोंबिवलीकर. ते कुठलाच शब्द घेत नाहीत. चौघं येऊन बाकड्यावर बसतात. एक विचारणार, "पाणी कुठलं वापरता?" दुसरा, "रंग कोणता?" तिसऱ्या बाई, "कोकम आहे का? घरी केलेलं?" मग पिशवीतून स्वतःची बाटली काढून कोकम पितात, आणि वर मला बर्फ मागतात. मी बर्फ दिलाय. चिडून दिलाय, पण दिलाय.

तर मी पैज मारायचो, तोंड उघडलं की तालुका सांगतो. पैजेतलं माझं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे डेपोचे वाहतूक नियंत्रक नाईकसाहेब. ते खिडकीतून कुणालाही माझ्याकडे पाठवायचे आणि मागून येऊन विचारायचे, "बोला काका, कुठला?" मी सांगायचो. हरणाऱ्याने सगळ्या ड्रायव्हरांना थंडा पाजायचा. नाईकसाहेबांनी बरेचदा पाजला. मी एकदाच अडकलो. एकाने इतका मऊ 'थंडा' मागितला की मी छातीवर हात मारून म्हटलं, आमचा खाडीवरचा. तो निघाला मारवाडी, आमच्या शेजारच्या बाळकुमला जन्मलेला. नाईकसाहेब नाचायला लागले. मी म्हटलं, हरलो नाही. शब्द बरोबर होता, माणूस चुकीचा निघाला. पाजला नाही म्हणजे नाही.

हा अकडूपणा मला कुठे घेऊन गेला ते आता सांगतो.

तीन-चार वर्षांमागची, टपरीच्या शेवटच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एप्रिलचं ऊन. बाराच्या सुमाराला एक आजी बाकड्यावर येऊन बसली. सुती नऊवारी, केसांना तेल, मांडीवर कापडी पिशवी. पंच्याहत्तरीच्या पुढची. एकटी.

"लेकरा, लेमन दे की एक."

"कुठलं देऊ, आजी?"

"तांबडं."

तांबडं लेमन! मी मनातल्या मनात तालुका लावायला घेतला. बाटली फोडून दिली तर आजीने न बघता खाच खाली घेतली आणि निम्मी एका दमात संपवली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "घरची गाडी कवा हाय?"

"घर कुठं तुमचं?"

"नदीवर. घाट उतरलं की वडाच्या मागं."

"गावाचं नाव काय?"

आजीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे तिला कळलं होतं. मग माझ्यावरच उखडली. "घरच्या गावाला नाव घिऊन कोन हाक मारतंय व्हय? आई वाट बघत असंल माझी. दिस मावळायच्या आत पोचाया पायजे."

मी नाईकसाहेबांना बोलावलं. त्यांनी चौकीतल्या हवालदारबाईंना बोलावलं. बाईंनी पिशवी बघितली. एक साडी, चष्म्याची डबी, राजगिऱ्याचे चार लाडू. फोन नाही, चिठ्ठी नाही. बाईंनी आजीचा फोटो काढून पोलिसांच्या ग्रुपवर टाकला. तोवर पाच-सात ड्रायव्हर-कंडक्टर जमलेले.

नाईकसाहेब म्हणाले, "काका, आता खरी परीक्षा. बोला."

मी बोललो. काय तोऱ्यात बोललो! "जिल्हा कोल्हापूर. लेमन, ते पण तांबडं. लिहून घ्या."

त्यांतच साडेबाराच्या कोल्हापूर गाडीचा कंडक्टर उभा होता, तिकडचाच. त्याने वाकून विचारलं, "आजी, आमच्याकडच्या काय तुमी?" आजीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "व्हय रं बाबा. न्हेतोस न्हवं घरला?"

झालं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. कंडक्टर म्हणाला, मी स्वतः नेतो आणि तिथल्या स्टँडच्या चौकीत सोपवतो, तिथून गाव सापडेल.

हवालदारबाई एकट्याच तयार नव्हत्या. "थोडं थांबू या ना काका. ग्रुपवर काही येतंय का बघू."

मी म्हटलं, "ताई, ग्रुप काल आला. मी अडतीस वर्षं इथे आहे. ही गाडी चुकली तर आजीला इथे चौकीत बसवून ठेवणार का?"

त्या नवीन होत्या, मी म्हातारा होतो, आणि नाईकसाहेब म्हणाले, "यांचं सहसा चुकत नाही." आजीला पुढच्या सीटवर बसवलं. बर्फाच्या पाण्यात ठेवलेली अजून एक तांबडी बाटली मी फोडली आणि खिडकीतून तिला दिली. माझी तर कॉलर ताठ.

तेवढ्यात यमुना रिक्षातून उतरली. रोज ती माझा डबा आणि धुतलेल्या बाटल्यांचा क्रेट घेऊन यायची. "कसली जत्रा भरवलीय?"

मी सगळं सांगितलं. मीठमसाला लावून सांगितलं.

"आजी काय बोलली? पयल्यापासून सांगा."

"लेमन बोलली."

"ते नाय. घराचं काय बोलली?"

"नदी, घाट, वड. आई वाट बघतेय म्हणाली."

"आजी कितीची?"

"असेल पंच्याहत्तर."

"न मंग तिची आई कितीची?"

मी, नाईकसाहेब, हवालदारबाई, ड्रायव्हर, एवढ्या लोकांनी ते वाक्य ऐकलं होतं आणि एकालाही हिशेब सुचला नव्हता.

"अवो, ती घर नाय सांगत," यमुना म्हणाली. "माहेर सांगते. बाईला तहान लागली तं माहेरचाच शब्द येनार. रातच्याला तिथे उतरून ती जाईल कोनाकडे?"

गाडी सुरू झालेली. यमुनाने डबा माझ्या हातात कोंबला, धावत गेली आणि गाडीच्या पत्र्यावर तळहाताने असा दणका दिला की माझी ठोकणी लाजेल. ड्रायव्हरने ब्रेक मारला. ती वर चढली, मागून मी.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, टाइम झाला."

"दोन मिन्टं थांबली तं कुजनार नाय तुजी गाडी."

ती आजीच्या शेजारी बसली. मी विचारलं असतं तर परत गावाचं नाव विचारलं असतं. तिने नाव विचारलंच नाही. म्हणाली, "आजी, तुमच्या घरी पावना आला तं त्याला प्यायला काय देता?"

आजी क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "कोकम." आणि तिचा आवाजच बदलला. मघाशी माहेरी निघालेली पोर होती, आता घरची मालकीण बोलायला लागली. "उन्हाळ्यात पन्हं. सून म्हंती, रंगाचं पानी घरात आनायचं न्हाई. फ्रिजात कोकमाची बाटली भरून ठिवावी लागती."

"न लेमन?"

"लेमन आईकडं. हितं कुठलं लेमन?"

"पानी कवा येतं तुमच्याकडं?"

"शुक्रवारी येत न्हाई. गुरुवारीच बादल्या भरून ठिवायच्या. सुनंला आठवन कराया लागती."

मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "शुक्रवारी पाणी नाही? म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातलीच की!"

यमुनाने आजीचा हात हातात घेतला. "न दिवाळीला काय करता?"

"दिवाळीला का झोप हाय? सकाळच्या पारी पोरंपोरी नटूनथटून येत्यात आन् रस्ताभर उभी ऱ्हात्यात. गाडी जायाला जागा न्हाई. त्या रस्त्याच्या मागंच आमचं घर. माझा नातूबी त्यांच्यातच असतूय, नवा झब्बा घालून."

अख्खी गाडी एका सुरात ओरडली, "डोंबिवली!"

खरं सांगतो, पन्नास लोकांना एकदम कळलं. मला सगळ्यांच्या शेवटी. दिवाळीच्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडला काय असतं हे ठाण्यात माहीत नाही असा माणूस नाही. आणि कोकमावरून तर मलाच पहिलं ओळखू यायला हवं होतं. इतकी वर्षं त्या लोकांना चिडून बर्फ दिला तो कशाला? पण मी जन्मभर एकच विचारत आलो, काय घेणार? यमुनाने विचारलं, काय देता.

आजीला खाली उतरवलं. कंडक्टरने जाताना तिच्या पाया पडून घेतलं. हवालदारबाईंनी डोंबिवलीला फोन लावला, तर आजीची सून सकाळी दहापासून तिथल्या चौकीतच बसलेली. बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दीड तासाने मुलगा आणि सून आले. मुलाच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. सुनेच्या एका पायात घरातली स्लीपर आणि दुसऱ्या पायात बाहेरची चप्पल.

"अहो आई," ती रडत रडतच रागावली, "निदान सांगून तरी जायचं!"

आजी म्हणाली, "सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

मुलगा मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "काका, तिच्या माहेरचं घर विकून वीस वर्षं झाली. तिथे आता कुणीच नाही. हल्ली ती मध्येच विसरते." मी मान हलवली. साडेबाराची गाडी कोल्हापूरला रात्री दहाला पोचते. हवालदारबाईंचं मी ऐकलं असतं तर काही अडलं नसतं. माझं सगळ्यांनी ऐकलं, तिथेच घोळ झाला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नाईकसाहेबांना माहीत होतं, पण ते भले माणूस, त्यांनी कधी काढलं नाही.

जीभ सवयीने चालते. मी त्यांना म्हटलं, "बसा. काय देऊ?"

मुलगा म्हणाला, "नको नको, आम्ही बाहेरचं घेत नाही."

सून डोळे पुसत म्हणाली, "एक द्या. आईंना दिलंत तेच."

मी तांबडी बाटली फोडून दिली. तिने उलटी धरली, गोटी तोंडाशी आली आणि बाई चोखत बसली. आजीने तिचं मनगट धरून बाटली फिरवली. "अशी धर. खाच खाली. हां, आता पी."

ती प्यायली. नाकात गॅस गेला, ठसका लागला, मग हसायला आलं. "आई, याला काय म्हणता तुम्ही?"

"लेमन."

"मग कधीतरी आणू या घरी," सून म्हणाली. मुलगा त्यात साखर किती असते यावर काहीतरी बोलायला लागला होता, पण दोघींनी त्याच्याकडे बघितलं नाही. जाताना आजीने राजगिऱ्याचे दोन लाडू यमुनाच्या हातात ठेवले. चारांतले दोन. दोन आईसाठी राखून ठेवले.

सगळे गेल्यावर नाईकसाहेब म्हणाले, "काका, पैज कोण हरलं?"

शब्द बरोबर होता, असं माझ्या ओठावर आलं होतं. आजी खरंच तिकडचीच होती, तुम्हीच बघा. पण यमुना समोर बसून रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये लावत होती. मी म्हटलं, "मी हरलो. बोलवा सगळ्यांना." त्या दिवशी सात ड्रायव्हर, चार कंडक्टर आणि हवालदारबाई माझा थंडा प्यायल्या. बाई म्हणाल्या, "मला मसाला सोडा." साताऱ्याच्या असाव्यात असं वाटलं, पण बोललो नाही.

गर्दी पांगली. यमुना पदराने वारा घेत बाकड्यावर बसलेली. इतकी वर्षं ती रोज यायची, क्रेट ठेवायची, रिकामा क्रेट घेऊन जायची. तहान लागली तर माठातलं पाणी प्यायची. कधी फुटक्या तोंडाची बाटली विकायला नको म्हणून मी बाजूला काढायचो, त्यातलं ग्लासात ओतून प्यायची. मी कधी विचारलं नव्हतं. घरच्या माणसाला काय विचारायचं?

मी म्हटलं, "अगं, काय देऊ?"

तिने आधी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी गिऱ्हाईक आलंय का ते. मग माझ्याकडे बघितलं.

"लाल शिशी."

"काय?"

"शिशी. आमच्या खडवलीला शिशीच बोलतात. नदीवरच्या जत्रेला यायची. बा आमा तिघी बहिनींत एक घ्यायचा."

"अडतीस वर्षांत मी हा शब्द ऐकला नाही तुझ्या तोंडून."

"तुमी कवा विचारलात?"

अख्ख्या महाराष्ट्राचा शब्दावरून तालुका ओळखणारा मी. हिचा तालुका मला लग्नाच्या आधीपासून माहीत होता, कल्याण. शब्द तेवढा माहीत नव्हता.

बर्फात हात घालून मी सगळ्यात गार बाटली काढली आणि फोडली. यमुनाने ती कुणालाही न देता एकटीने संपवली, सावकाश. मग रिकामी बाटली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "घ्या. धुवा."

धुतली.